ओपानिन बाडूंच्या दोन डिस्क

मंगळवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी ‘देवाची वेळ मुद्रणालया’च्या मुख्य आणि एकमेव संगणकाने काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत कळवले की, सुरू करण्याजोगे काहीही आपल्याला सापडत नाही. मुद्रणालयाचा मालक, आरेखक, मुद्रितशोधक आणि तांत्रिक सल्लागार या चारही नात्यांनी मी ही बाब गांभीर्याने घेतली. म्हणजे बटण बंद केले आणि परत चालू केले.

शनिवारी ओपानिन बाडूंचा अंत्यविधी होता. ओपानिन चार महिने शवागारात वाट पाहत होते, कारण त्यांच्या अंत्यविधीत वाटायच्या चौसष्ट पानी पुस्तिकेतली पाने दोन ते चार मंजूर होत नव्हती. आणि पुस्तिकेशिवाय आमच्या कुमासी शहरात कोणी पुरला जात नाही.

त्या तीन पानांवर शोकाकुल नातलगांची यादी होती. आमच्याकडे माणूस आईच्या कुळाचा असतो. त्याची बायको-मुले दुसऱ्या कुळाची. जिवंतपणी हे कुणाच्या लक्षात नसते. मेल्यावर मात्र तो नेमका कुणाचा आणि यादीत कुणाचे नाव कुणाच्या वर, हे ठरवायला सभा भरवाव्या लागतात. ओपानिनांसाठी अकरा भरल्या. एका बाजूला त्यांच्या कुळाचे प्रमुख वोफा अचाम्पोंग, दुसऱ्या बाजूला थोरली मुलगी अफ्राकोमा, जी मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका आहे आणि घरातही शाळा सोडत नाही. अकराव्या सभेत दोनशे बारा नावांचा क्रम एकमताने मंजूर झाला. पान पाचवरचे ओपानिनांचे जीवनचरित्र कोणत्या बाजूने लिहावे, हा विषय क्रमांक सात वेळेअभावी नेहमीप्रमाणे तहकूब झाला, म्हणून त्या पानावर मी तात्पुरते काहीतरी टाकून ठेवले. शेवटचा ठराव असा झाला की, यादीत कुणी फेरफार करू नये म्हणून तिची प्रत कोणत्याही बाजूकडे राहणार नाही. ती फक्त मुद्रणालयाच्या संगणकात राहील. मला केवढा अभिमान वाटला होता!

आता त्या संगणकाविषयी. त्यात दोन प्रणाली नांदत होत्या. विंडोजवर मी काम करायचो आणि लिनक्स गिऱ्हाईक आले की उघडायचो, कारण तिच्या काळ्या खिडकीत हिरवी अक्षरे धावू लागली की लोक भाव करत नाहीत. दोघींच्या दारात एक छोटा प्रोग्रॅम बसलेला असे. यंत्र सुरू झाले की तो दारवानासारखा विचारायचा, ‘कोणाला बोलावू?’ आणि दहा सेकंद थांबायचा. शिवाय आत डिस्क दोन होत्या आणि त्या मी पट्ट्यापट्ट्यांनी जोडल्या होत्या. म्हणजे कोणत्याही मजकुराचा एक तुकडा या डिस्कवर, पुढचा तुकडा त्या डिस्कवर. त्यामुळे वेग दुप्पट होतो. एक डिस्क गेली तर दोन्ही जातात, हे त्याच माहितीत पुढच्या ओळीवर होते, पण तिथवर मी वाचलेच नाही. मी फलक रंगवायला गेलो होतो. ‘अशांती प्रांतातील एकमेव दुप्पट वेगाचे मुद्रणालय.’ काम मी तरीही उशिराच द्यायचो.

मंगळवारचा दिवस तपासणीत गेला. यंत्राचा घोषा होता की आज एक जानेवारी दोन हजार नऊ आहे. त्या हिशेबाने ओपानिन बाडू अजून जिवंत होते आणि मला काही छापायचेच नव्हते. मी तारीख दुरुस्त केली आणि यंत्राच्या मूर्खपणाला हसलो. मग पेनड्राइव्हवरून दुरुस्तीचा प्रोग्रॅम चालवला. त्याने दीड तास घेऊन अहवाल दिला, ‘दुरुस्त करण्याजोगे काही आढळले नाही. दुरुस्ती यशस्वी.’ मग जाणकारांच्या जागतिक मंचावर प्रश्न टाकला. तिथून तीन मिनिटांत उत्तर आले की हाच प्रश्न बारा वर्षांपूर्वी विचारला गेला आहे, त्याला तेव्हाही कोणी उत्तर दिले नव्हते, सबब विषय बंद. अशी कार्यक्षमता मी आमच्या नगरपालिकेतही पाहिलेली नाही.

बुधवारी बातमी फुटली आणि बारावी सभा माझ्याच दुकानात भरली. वोफा अचाम्पोंग शाईच्या डब्यांजवळच्या खुर्चीत बसले. कुळप्रमुख थेट बोलत नाहीत. त्यांचे म्हणणे त्यांचा दुभाषी डॉन्कोर पुढे मांडतो. वोफा माझ्यापासून हातभर अंतरावर होते, डॉन्कोर दारात.

“त्याला म्हणावं, यादी कुठेय?” वोफा म्हणाले.

“याव फ्रेम्पोंग, कुळप्रमुख विचारतायत, यादी कुठेय?”

“दोन डिस्कांवर आहे,” मी म्हणालो. “म्हणजे अर्धी इकडे, अर्धी तिकडे. सध्या दिसत नाही एवढंच.”

हे वाक्य मी बोलायला नको होते. मग अफ्राकोमाने चष्मा वर सरकवला. “दोन डिस्क आहेत, आणि बाजूही दोन आहेत. मग दोन्ही डिस्क एकाच्या दुकानात कशाला? आज बंद पडलं, उद्या चोरीला जाईल.”

“त्यांना म्हणावं, मुलगी पहिल्यांदा शहाण्यासारखं बोलली,” वोफा डॉन्कोरला म्हणाले.

चार महिन्यांत दोन्ही बाजूंचे प्रथमच दहा मिनिटांत एकमत झाले. एकेक डिस्क एकेका बाजूने शुक्रवारपर्यंत जपून ठेवावी. मी सांगायला हवे होते की अशी वाटणी म्हणजे बैलगाडीचे एकेक चाक दोघांना देणे. पण ते सांगायचे तर आधी हे सांगावे लागले असते की डिस्क अशा जोडण्याची अक्कल माझी. फलक बाहेर लटकत होता. मी पेचकस आणला, मुकाट्याने डिस्क काढल्या आणि वर दोन पोचपावत्याही लिहून दिल्या.

सभा उठल्यावर ओपानिनांची बायको, मामे (म्हणजे आई) सेर्वा, मागे थांबली. ती अकराही सभांना आली होती आणि यादीत तिचे नाव कितवे आहे हे तिने एकदाही विचारले नव्हते.

“याव, शनिवारी होईल ना रे? चार महिने झाले. थंडीचा त्रास होता त्यांना, आणि ठेवलंय कुठे, तर बर्फात.”

“होईल, मामे.”

“आणि ते पान राहिलं होतं ना, त्याचं—”

“मामे, आता पानाचं नको, डिस्कचं बघू,” मी जरा मोठ्यानेच म्हणालो. ती पिशवी सावरून निघून गेली.

गुरुवारी सकाळी अखेर राजधानी आक्राहून माझ्या मित्राचा, लार्टेचा फोन आला. लार्टे खरा इंजिनिअर आहे. तो निम्मा वेळ उसासे टाकतो.

“आतापर्यंत काय काय केलंस?”

“काहीच नाही,” मी म्हणालो. डॉक्टरला आणि इंजिनिअरला माणूस एवढेच सांगतो.

“तारीख काय दाखवत होतं?”

“दोन हजार नऊ. मी केली दुरुस्त.”

लार्टेने उसासा टाकला. “अरे शहाण्या, आतली बटणाएवढी बॅटरी संपलीय. ती संपली की यंत्र तारीख विसरतं, आणि दोन डिस्क मिळून एक समजायचं, हेही विसरतं. दारवान बिचारा ठणठणीत आहे, त्याला घरच सापडत नाहीये. बॅटरी बदल, एक सेटिंग परत लाव. दहा मिनिटांचं काम. फक्त एक कर बाबा, डिस्कांना हात लावू नकोस.”

“नाही लावणार,” मी म्हणालो. त्या घटकेला एक डिस्क अफ्राकोमाच्या कपाटात शाळेच्या ढालींमागे होती आणि दुसरी वोफांच्या घरी, काळ्या-तांबड्या सुतकी कापडात गुंडाळून, कुळाच्या वडिलोपार्जित पवित्र स्टुलावर ठेवलेली होती.

डिस्क परत मागताच नवा प्रश्न उभा राहिला: आधी कुणी द्यायची? वोफांकडून निरोप आला की कुळ कुणाच्या मागे चालत नाही, पण या बाबतीत मागे चालेल. अफ्राकोमाने लेखी कळवले की वडीलधाऱ्यांच्या आधी हात पुढे करण्याचे संस्कार आपल्यावर नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा दोघे एकमेकांना मान देत होते, आणि माझा घाम निघत होता.

शेवटी मामे सेर्वाने लेकीच्या कपाटातून डिस्क काढली, पिशवीत टाकली आणि तडक वोफांच्या अंगणात जाऊन बाकावर बसली. पाणी आले, तिने घेतले नाही. आमच्याकडे पाहुण्याने पाणी घेतल्याशिवाय त्याला येण्याचे कारण विचारता येत नाही. आणि कारण विचारल्याशिवाय नकार देता येत नाही. वोफांनी तीनदा पाणी पाठवले. शेजारी कुंपणावरून डोकावू लागले. दुपारपर्यंत कुळप्रमुख टेकीला आले आणि डिस्क कापडासकट बाहेर आली.

तीन वाजता पुन्हा सगळे दुकानात. मी घड्याळजीकडून बॅटरी आणली, डिस्क जोडल्या, सेटिंग लावली आणि मनातल्या मनात प्रार्थना केली, कारण डॉन्कोरमार्फत करायला वेळ नव्हता. पडदा उजळला. दारवान हजर! दोन ओळी: वर लिनक्स, खाली विंडोज. कोणाला बोलावू?

“थांबा!” डॉन्कोर ओरडला. “कुळप्रमुख विचारतायत, वरची ओळ कुणाची?”

“वरची आमची,” अफ्राकोमा म्हणाली. “आमची डिस्क आधी आली.”

“आधी आली म्हणून काय झालं? तिला म्हणावं, दाराशी आधी कोंबडी येते, म्हणून ती घरमालक होते का?”

“कोंबडी कुणाला म्हणता?”

“अहो, या ओळींचा डिस्कांशी काही संबंध नाही—” मी सांगत होतो, पण आकडे उतरत होते. चार, तीन, दोन. बोटे पडद्याकडे रोखली गेली, आवाज चढले, आणि दहा सेकंद संपताच यंत्राने कुणालाही न विचारता स्वतःच निवड केली. तिथे कुणी जिंकले नाही म्हणून कुणी हरलेही नाही. मी लिनक्समधूनच यादी उघडून दाखवली. दोनशे बाराही नावे जागच्या जागी होती. अफ्राकोमाने ती दोनदा तपासली, वोफांनी डॉन्कोरकडून तीनदा वाचून घेतली. शुक्रवारी दिवसभर यंत्र धडधडले आणि दीड हजार प्रती तयार झाल्या.

शनिवारी ओपानिन थाटात गेले. लोकांनी पुस्तिका उघडल्या, पान दोन ते चारवर आपापले नाव शोधले, मिटल्या आणि त्यांचेच पंखे करून ते वारा घेऊ लागले. फक्त सत्तेचाळीसावे शेहेचाळीसाव्यांवर जरा नाराज होते. वोफांनी डॉन्कोरमार्फत मला कळवले की अशी निर्दोष पुस्तिका कुमासीत आजवर झाली नाही. मी मान लववली.

सोमवारी मामे सेर्वा दुकानात आली. मी पाणी दिले. तिने घेतले, सगळे प्याली, त्यामुळे येण्याचे कारण मला विचारावेच लागले. तिने पुस्तिका काढून पान पाच उघडले. तिथे सुबक चौकटीत छापले होते: ‘येथे जीवनचरित्र येईल. साधारण तीनशे शब्द. उजवीकडे हसरा फोटो.’

“तीनशे शब्द म्हणजे किती रे?” तिने विचारले. मग पिशवीतून वहीचा घडी घातलेला कागद काढला. “बुधवारी घेऊन आले होते. गुरुवारीही पिशवीतच होता, त्या डिस्कच्या खाली.”

दोन्ही बाजूंनी लिहिलेला कागद होता. पहिलीच ओळ अशी होती: ‘त्यांनी चाळीस वर्षे कोकोच्या गोदामात काटा सांभाळला आणि काट्यावर कधी बोट ठेवले नाही.’ मला तिच्याकडे बघवेना. एवढी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. आताच्या आता वेगळे पान छापून देतो, म्हणालो.

“कुणाला वाटायचं?” ती म्हणाली. “सगळे गेले घरी.”

कागद तिने ठेवून घ्यायला दिला. मी तो त्याच दिवशी संगणकात उतरवला. एक तुकडा या डिस्कवर, पुढचा त्या डिस्कवर. दुसरी प्रत काढायची अजून राहिली आहे. फलकही उतरवायचा राहिला आहे.

तुम्ही मला हसलात, त्याबद्दल तक्रार नाही. कोणती डिस्क कुणाच्या कपाटात, कोणती बॅटरी संपली, दहा सेकंदांत काय झाले, सगळे तुम्ही नीट लक्ष देऊन वाचलेत. पान पाच लिहायचे राहिल्याचे मी अगदी सुरुवातीलाच सांगितले होते. त्याचे पुढे काय झाले, हे मध्ये एकदा तरी तुमच्या मनात आले होते का?