पुलापलीकडची लांबी

"कायदा मला शिकवू नकोस, आर्डिथ! तीस वर्षं ट्रेलर ओढतोय मी!" असं बायकोला बजावून व्हर्लन टेस्डालने पिकअप सुरू केली. पिकअपमागे राहायचा ट्रेलर, ट्रेलरमागे बोट. त्यांच्या राज्यात उन्हाळ्यात अर्धा गाव अशी आगगाडी जोडून तळ्यावर जातो. कुणी मान वर करून बघतसुद्धा नाही.

पण आज जायचं होतं नदीपलीकडच्या राज्यात. तिथल्या तळ्याकाठी दुपारी त्यांच्या एकुलत्या एका लेकीचं, कार्लीनचं लग्न होतं. आर्डिथने हिवाळाभर खपून शिवलेला पांढराशुभ्र झगा व्हर्लनने स्वतः ट्रेलरच्या दाराशी आतून टांगला होता. लग्नानंतर जोडप्याची पाठवणी बोटीतून, ही कल्पनाही त्याचीच.

पुलाच्या तोंडाशी आर्डिथने फोनमधून डोकं वर काढलं.

"व्हर्लन, पलीकडे गाडीमागे एकच काहीतरी ओढता येतं. शिवाय आपली लांबीही जास्त भरतेय."

"हे आत्ता सांगतेस?"

"घरी सांगत होते, तेव्हा तुला सगळा कायदा पाठ होता!"

मागे फिरणंही शक्य नव्हतं. ट्रेलरमागे बोट लावून गाडी मागे घ्यायला गेलं, की सगळं वेडंवाकडं दुमडून बसतं. व्हर्लनने देवाचं नाव घेत पूल ओलांडला, आणि आरशात पोलिसांची गाडी!

"हळू घे!"

"हळूच घेतोय!"

"इतकं हळू नको, संशय येईल त्याला!"

"आर्डिथ, पोलिसांनी ट्रेलर अडकवून ठेवला तर पोरगी लग्नात घालणार काय गं?"

मागे पोलिसांच्या गाडीचे दिवे लुकलुकू लागले.

"तोंड उघडायचं नाही," आर्डिथ पुटपुटली. "नुसतं हो साहेब, नाही साहेब. बस!"

व्हर्लनने गाडी कडेला घेतली. तरणाबांड पोलीस सावकाश चालत आला, खिडकीशी वाकला.

"काका, मी तुम्हाला का थांबवलं, कल्पना आहे?"

"आहे, साहेब! बोट जोडायला नको होती! लांबीही जास्त आहे! काय दंड करायचा तो करा, पण झगा तेवढा सोडा हो, पोरीचं लग्न आहे!"

आर्डिथने डोळे मिटून घेतले.

पोलिसाने मान वळवून ती अख्खी वरात पहिल्यांदाच नीट पाहिली.

"मी सांगायला आलो होतो, की दारात अडकून कसलातरी पांढरा कपडा पुलापासून रस्त्यावर फरफटतोय." त्याने उसासा टाकला. "पण आता तुम्ही स्वतःच म्हणताय, तर थांबा. मोजायची टेप घेऊन येतो."

दंड झाला. बोट जवळच्या पेट्रोलपंपावर सोडावी लागली. तळ्याकाठी पोचल्यावर आर्डिथने दातांत टाचण्या धरून झग्याचा चिखलाने माखलेला, चिंध्या झालेला भाग कापून टाकला. कार्लीन तो घालून आरशासमोर उभी राहिली.

"आई, हा पायघोळ होता ना? मग गुडघ्यापर्यंतच कसा?"

आर्डिथने नवऱ्याकडे पाहिलं. व्हर्लनने घसा खाकरला.

"या राज्यात एवढीच लांबी चालते, बाळा."