डावीकडचा उजवा पाय

सकाळी साडेदहाच्या सुमारास रंगाऱ्याचा उजवा पाय शिडीवरून निसटला आणि उरलेला रंगारी त्याच्यामागोमाग फरशीवर आला. वाचनालयाची भिंत अर्धीच पिवळी झाली होती. नडगी मात्र बघता बघता पूर्ण निळी झाली. त्याच्या थोरल्या बहिणीने, ताईने, त्याला गाडीत घालून सरकारी इस्पितळात आणलं.

"काय होतंय?" केसपेपरवाल्या कारकुनाने मान वर न करता विचारलं.

"पाय," रंगारी कण्हला.

कारकुनाने वळणदार अक्षरात 'डावा पाय, गुडघ्याखाली' असं लिहिलं आणि अक्षर वाळायच्या आत त्यावर शिक्का मारला.

एक्स-रेच्या खोलीतल्या तंत्रज्ञाने कागद वाचून रंगाऱ्याचा डावा पाय टेबलावर घेतला.

"अहो, दुखरा तो दुसरा आहे."

तंत्रज्ञाने सुजलेल्या पायाकडे कळवळून पाहिलं. "मला दिसतोय हो. पण कागदावर नाहीये. सात नंबरच्या खिडकीवरून दुरुस्ती करून आणा."

सात नंबरची खिडकी दुसऱ्या मजल्यावर होती. लिफ्ट तपासणीसाठी बंद होती. ताईच्या खांद्यावर भार टाकत, एकेक पायरी लंगडत रंगारी वर पोहोचला. खिडकीतल्या बाईंनी कागद उलटसुलट पाहिला.

"उजव्या पायाला दुखापत असल्याचा पुरावा जोडा."

"कसला पुरावा?" ताईने विचारलं.

"एक्स-रे."

दोघं पुन्हा खाली आली. तोवर एक्स-रेची रांग दारापर्यंत गेली होती. मानेला पट्टा लावलेले एक निवृत्त मास्तर वैतागून म्हणाले, "डाव्याचा काढून मोकळे व्हा ना. आम्हाला का ताटकळत ठेवता?" रांगेतल्या सगळ्यांना हे पटलं.

तंत्रज्ञ मनाने वाईट नव्हता. त्याने डोकं खाजवलं आणि रंगाऱ्याच्या समोर जाऊन उभा राहिला. "मी असा उभा राहिलो की तुमचा उजवा पाय माझ्या डाव्या हाताला येतो. कागदावर डावा म्हटलंय. कुणाच्या डावीकडचा, ते कुठं लिहिलंय?"

"देव तुमचं भलं करो," ताई म्हणाली.

त्याने मोडका पाय नीट मांडला, शेजारी 'डावा' अशी खूण ठेवली आणि झकास एक्स-रे काढला.

डॉक्टरांनी फिल्म उजेडाकडे धरली. "डाव्या पायाचं हाड मोडलंय. प्लास्टर घाला."

"डॉक्टर, उजवं मोडलंय."

"वेदना फसवते. फिल्म फसवत नाही."

ताईने भावाची विजार उजव्या पायावरून वर सरकवली. "मग हा एवढा टम्म का सुजलाय?"

डॉक्टरांनी वाकून, मन लावून पाहिलं. "साहजिक आहे. डावा मोडल्यामुळे सगळा भार यावर पडला."

रंगाऱ्याच्या ठणठणीत डाव्या पायाला बोटांपासून गुडघ्यापर्यंत सुरेख प्लास्टर बसलं. आता त्याला उभं राहायला एकही पाय उरला नाही. त्याला स्ट्रेचरवरून दारापर्यंत आणलं, तिथे परिचारिकेने एक जाड वही पुढे केली.

"तक्रार असेल तर मागच्या पानावर लिहा. चौकशी होईपर्यंत मात्र इथेच थांबावं लागेल. नसेल तर पुढच्या पानावर, 'समाधानी'च्या खाली सही करा."

रंगाऱ्याने ताईकडे पाहिलं. सकाळपासून सगळ्यांशी भांडणारी ताई भिंतीला टेकली होती. मागच्या स्ट्रेचरवाल्याने घसा खाकरला.

"कर सही," ती हळूच म्हणाली. "उद्या दुसरीकडे दाखवू."

दुसरीकडच्या डॉक्टरांनी उजव्या पायालाही प्लास्टर घातलं. रंगारी दोन्ही पाय उशीवर ठेवून तीन महिने पडून राहिला, वाचनालयाची भिंत अर्धी पिवळी राहिली आणि इस्पितळाला उत्तम सेवेचं प्रमाणपत्र मिळालं.

वही अजून दारातच ठेवलेली आहे. तिची मागची पानं कोरी आहेत, पुढची भरत आली आहेत. कधी तिकडे गेलात तर चाळून पाहा. आपली सही माणसाला लगेच ओळखू येते.