एक फांदी जास्त

दानियल माहीमकर यांनी तारापूरच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं मापयंत्रं तपासली होती. निवृत्तीनंतरही घरातली भिंतीवरची तसबीर सरळ आहे का, हे ते पट्टी लावून बघत. बोईसरमधली चार-पाच बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू, कुटुंबं शुक्रवारी संध्याकाळी त्यांच्याच घरी प्रार्थनेला जमत. तिथे एक भारदस्त दिवा हवा, असं त्यांच्या मनाने घेतलं. जुन्या कॅलेंडरवरचं चित्र बघून त्यांनी स्वतः आराखडा काढला आणि फॅब्रिकेशनवाल्या जिव्याने तो पितळेत असा उठवला, की दानियलकाकांना जिव्यापेक्षा स्वतःचंच कौतुक वाटलं.

शुक्रवारी ठाण्याहून हजान, म्हणजे प्रार्थना चालवणारे गुरुजी, आले. दिव्यापुढे थबकले. ओठ हलवत मोजू लागले.

"सात?"

"सातच! मध्ये एक, बाजूंना तीन-तीन," काका फुशारून म्हणाले.

"तीच तर पंचाईत. यरुशलेमच्या मंदिरातला दिवा सात फांद्यांचा होता. त्याची नक्कल करायची नाही, मग धातू कुठलाही असो. पाच चालतात, सहा चालतात, आठ चालतात. सात नाही."

काकांच्या पत्नी रिबकाबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "अहो, गेल्या महिन्यात प्रार्थनेला येणाऱ्या मुलांना हे तुम्हीच शिकवलंत ना?"

शिकवलं होतं. चांगलं तासभर. काकांनी दिव्यावर चादर टाकली.

रविवारी ते दिवा घेऊन जिव्याकडे गेले. "एक फांदी काप."

"का सायेब? वाकडी हाय?"

"सरळ आहे. चूक माझ्या डोक्यात आहे."

जिव्याने उजवीकडची एक कापली. दिवा जमिनीवर ठेवताच डावीकडे कलला आणि थेट काकांच्या अंगठ्यावर आडवा झाला. स्टुलावर बसून पाय चोळत काका म्हणाले, "तोल गेलाय. उजवीकडे एक जोडून टाक."

जिव्याने कापलेली फांदी उचलली. "जोडतो. पन मंग परत सात व्हतील ना?"

काकांनी बोटांवर मोजून पाहिलं. सातच होत होत्या.

"मग डावीकडची पण काप," ते खालच्या आवाजात म्हणाले.

पुढच्या शुक्रवारी रिबकाबाईंनी पाच दिवे लावले. काकांनी मुलांना सांगून टाकलं, "नियम मला तोंडपाठ होता. मोजायचं तेवढं राहिलं." मुलं एवढी हसली, की काकांनाही हसू आवरेना.

दोन दिवसांनी जिव्या पेढे घेऊन दारात उभा. "सायेब, तुमच्या पयल्या मापावर अजून तीन केले, सात फांद्यांचे. माकुणसारच्या लग्नाच्या हॉलात बसवले. लोक लय नावाजतात!"

काकांनी लगोलग हजानांना फोन लावला. "जिव्याला आपला नियम लागू नाही," हजान म्हणाले, "त्याने खुशाल करावेत. तुमचं नाव त्यात नाही ना?"

काकांनी जिव्याकडे बघितलं. जिव्याने अभिमानाने मोबाइलवरचा फोटो पुढे केला. दिव्याच्या बुडाशी लिहिलं होतं: 'आराखडा – दानियल माहीमकरसाहेब, बोईसर'.

"जिव्या, ते नाव पुसून टाक."

"पुसता नाय येत सायेब," जिव्या आनंदाने म्हणाला. "पितळेची अक्षरं कापून डाग देऊन पक्की जोडलीत. तुमी मेल्यावर पन ऱ्हाईल!"