बास्सूने खाली पाहिलं

बास्सूने बायकोचा ब्रोच हरवला होता, आणि बायको संध्याकाळपर्यंत माहेराहून परत येणार होती.

ब्रोच चांदीचा, त्रिकोणी, तळहाताएवढा. बायकोला, इत्तोला, तो तिच्या आईने मरताना दिलेला. उद्या भाचीच्या लग्नात खांद्यावर लावून मिरवायचं, असं तिने वर्षभर आधीपासून ठरवलं होतं. सकाळी शेळी दावं तोडून माळावर पळाली. वारा बोचरा, अंगावरचा झगा गळ्याशी उघडा पडत होता, म्हणून बास्सूने खुंटीवरचा ब्रोच काढून तिथे अडकवला आणि शेळीमागे धावला. शेळी घरी आली. ब्रोच आला नाही.

दुसऱ्या कुठल्याही गावात माणसाने माळावर जाऊन खुशाल शोधाशोध केली असती. पण वाळवंटातल्या अर्फूद शहराच्या पलीकडच्या या गावात मान खाली घालून चालायची सोय नव्हती. आकाशातून पडलेले दगड वेचणं हाच तिथला धंदा. पृथ्वी, मंगळ वगैरे घडवून झाल्यावर जो चुरा उरला तो अजून सूर्याभोवती फिरतोय आणि अधूनमधून आपल्या माळावर पडतो, हे तिथल्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ. टोकाला चुंबक बांधलेली काठी प्रत्येक दारामागे. दगड कुठे पडला ते सख्ख्या भावालाही सांगायचं नाही, असा रिवाज. त्यामुळे माळाकडे जाणारा प्रत्येक माणूस संशयित, आणि खाली बघत जाणारा तर चोरच.

म्हणून बास्सू मान ताठ ठेवून निघाला आणि फक्त डोळे खाली ठेवले. त्यात त्याला एक जन्माची खोड होती. मनात धाकधूक असली की त्याचे कान लाल व्हायचे. सध्या त्याच्या डोळ्यांपुढे इत्तोचा चेहरा होता, तेव्हा कानांचं काय झालं असेल ते सांगायला नको.

शेजारचा हम्मू भिंतीला टेकून चहा पीत होता. त्याने पेला खाली ठेवला.

"काय दादा, मान अवघडली का?"

"छे. जरा फिरायला निघालोय."

"फिरायला!" त्या गावात आजवर कुणी फिरायला गेलेलं नव्हतं. "आणि काठी?"

"काठी कशाला?"

"तेच म्हणतो मी. काठी नाही, म्हणजे चुंबक नको. चुंबक नको, म्हणजे…" हम्मूचा आवाज एकदम पडला. "चंद्राचा?"

चंद्रावरून उडून आलेल्या तुकड्यात लोखंड नावापुरतंच. चुंबक त्याला हुंगतही नाही. असा तुकडा गावात एकालाच सापडला होता. त्याने दुमजली घर बांधलं आणि सगळ्यांशी बोलणं सोडलं.

"कसला चंद्राचा! काही नाही रे बाबा!"

"कान बघ तुझे!" हम्मू म्हणाला, आणि चपला घालून मागे निघाला.

बास्सू थांबला की हम्मू थांबे. बास्सूने वाकून काही उचललं आणि टाकलं की हम्मू ते उचलून खिशात घाली. हे दुरून तूदा म्हातारीने पाहिलं आणि ती टोपली घेऊन आली. तूदा पडली इत्तोची मावशी. तिला खरं सांगितलं असतं, तर तिच्या नजरेतून सुईसुद्धा सुटली नसती. पण मग इत्तोला गाडीतून उतरायच्या आधीच सगळं कळलं असतं. बास्सूने ओठ घट्ट मिटले. ते पाहून तूदाने पदर खोचला.

दुपारपर्यंत अर्धं गाव माळावर होतं. बास्सू डावीकडे वळला की गाव डावीकडे. दम खायला तो एका जागी बसला, तर तिथे चारजणांनी खणायलाच सुरुवात केली. वैतागून तो घराकडे निघाला, तर हम्मू ओरडला, "हलू नका रे कुणी! चकवतोय आपल्याला! इथेच असणार!"

लार्बी मास्तर शाळा सोडून आले होते. गर्दीकडे पाहून ते खूश झाले.

"बघा पोरांनो, ग्रह असेच तयार होतात. आधी एक कण. त्याला दुसरा चिकटतो. गोळा जरा मोठा झाला, की आजूबाजूचं आपोआप ओढलं जातं."

"पण मास्तर, तुम्ही कशाला आलात?" बास्सू रडकुंडीला येऊन म्हणाला.

"मीही आजूबाजूचाच," मास्तर म्हणाले आणि खाली बघू लागले.

आता बास्सूच्याच मनात पाल चुकचुकली. हम्मूचा खिसा भलताच फुगला होता. ब्रोच यानेच तर नाही ढापला?

"खिसा दाखव."

"का म्हणून?"

"दाखव म्हणतो ना!"

हम्मूने खिसा उलटा केला. खजुराच्या बिया, बाटलीची काच, शेळीच्या वाळक्या लेंड्या. "तू टाकलेलंच आहे सगळं," तो चिडून म्हणाला. "उगाच टाकलंस होय?"

इतक्यात रस्त्यावर गाडी थांबली आणि गाठोडं घेऊन इत्तो उतरली. तिने गर्दी पाहिली, गर्दीच्या मध्यभागी नवरा पाहिला, नवऱ्याचे कान पाहिले.

"अस्सं! म्हणून मला माहेरी धाडलंस!"

"अगं, तूच गेलीस."

"जाऊ का विचारलं, तर लगेच 'जा' म्हणालास! एरवी म्हणतोस कधी लगेच?"

ती तरातरा चालत आली. मध्येच थांबली. वाकली. सगळ्या माळाने श्वास रोखला. तिने मूठभर वाळू उचलून झटकली, आणि हातात चांदी चमकली.

बास्सूने गावासमोर सगळं कबूल केलं. शेळी, वारा, खुंटी, काही लपवलं नाही. "चूक झाली, इत्तो. तुझ्या आईची वस्तू मी विचारल्याशिवाय घेतली. सकाळपासून जीव टांगणीला लागलाय माझा."

हम्मूने टाळी वाजवली. "वा दादा, वा! बायकोचा दागिना टाकून ठेवायचा आणि तोच शोधतोय म्हणायचं! हे मला नसतं सुचलं."

"गप रे!" इत्तो कडाडली. तिने ब्रोच खांद्याला लावला. "माझ्या माणसाने ब्रोच हरवला होता, तो सापडला. संपलं. व्हा घरी सगळे!"

गाव कुरकुरत पांगलं. बास्सूचे डोळे भरून आले. साऱ्या दुनियेत एका माणसाने त्याच्यावर विश्वास ठेवला होता, आणि तो माणूस म्हणजे इत्तो होती, हे त्याला खरंच वाटेना.

घरी तिने त्याला गादीवर बसवलं. पुदिन्याचा चहा केला, साखरेचा भलामोठा खडा घातला. लग्नासाठी राखलेले बदाम पुढे ठेवले. मग दाराला कडी लावली, खिडकी ओढून घेतली आणि त्याला अगदी खेटून बसली.

"गेले सगळे," ती कुजबुजली. "आता सांग, कुठे पुरलायस?"

"इत्तो, देवाशपथ, दगड नाहीच आहे."

"माझ्याशीसुद्धा?" तिचा चेहरा उतरला. हात बदामांच्या बशीकडे गेला आणि बशी हळूहळू मागे सरकू लागली.

बास्सूने बशीकडे पाहिलं. दगड नाही हे खरं तो दिवसभर सांगत होता, आणि त्याचा कुणाला काडीचा उपयोग झाला नव्हता.

"लग्न पार पडू दे," तो हलकेच म्हणाला. "मग दाखवतो."

इत्तोने त्याचे कान निरखून पाहिले. कान अगदी नेहमीसारखे होते. तिने समाधानाने बशी पुन्हा पुढे केली.