चरबीवरील स्वारी व शिंपीरावांचा रविवार

खवय्ये, पथ्यकरी व तमाम जिभेचे चाकर यांस मालूम व्हावे की, रविवारी स्वयंपाकघरात जे रण माजले ते जैसे घडले तैसे लिहिले असे. पदरचे मीठ घातले नाही. मीठ डॉक्टरांनीच कमी केले आहे.

शिंपीरावांचे रक्त तपासले, त्यात चरबी नामे गनीम शिरजोर जाहला ऐसे निघाले, आणि डॉक्टरांचे फर्मान सुटले की डुकराचे मटण वर्ज्य. राव कोमेजले. मग त्यांच्या कुटुंबाने, म्हणजे बाईसाहेबांनी, तह मांडला की एक डाव चरबीवाचून मंद आचेवर शिजवावे. ताटात तवंग न दिसेल तर महिन्यास एक रविवार बहाल, दिसेल तर मटण कायमचे हद्दपार आणि उकडलेला भोपळा तहहयात जारी.

मग राव ओट्याशी उभे राहिले आणि शिवण उसवावी तैसी कातरीने खांद्याच्या तुकड्यावरील चरबी सोडविली, आणि कांदा, लसूण, मिरपूड, टोमॅटो व व्हिनेगर ऐसी रसद भरोन मांस स्लो कुकरच्या किल्ल्यात कोंडले. झाकण कोणी उघडू नये, वाफ फरारी होते, ऐसी ताकीद देवोन बाईसाहेब आंघोळीस गेल्या.

ऐन समयी त्यांचे धाकटे बंधू बोलावण्यावाचून दाखल जाहले आणि ताटलीतील चरबी पाहोन कळवळले.

"भाऊजी, हे टाकताय? मग काय चिंध्या चावायच्या?"

"हळू बोल रे! तुझ्या ताईला भिंतीपलीकडचं ऐकू येतं."

मग मसलत जाहली. बंधूंनी झाकण उचलोन चरबी आत सोडली, आणि रावांनी तेवढा वेळ खिडकीबाहेर पाहिले, जेणेकरून आपण काही पाहिले नाही ऐसे शपथेवर सांगता यावे.

दुपारी मांस शरण आले. रावांनी दोन काटे चालवोन त्याचे धागे धागे केले. बंधू बाहेरच्या खोलीत घोरत होते. बाईसाहेबांनी रसावरील तवंग पाहिला, रिकामी ताटली पाहिली, रावांकडे पाहिले, आणि चरबीचे उरले तुकडे वेचले व रस पसरट भांड्यात ओतोन फ्रीजरात ठेविला. रावांच्या डोळ्यांपुढे भोपळ्यांची रांग उभी राहिली. मग रस गार जाहला, चरबी वर येवोन थिजली, ती बाईसाहेबांनी अखंड उचलोन वाटीत कैद केली आणि खालचा नितळ रस मटणात मुरविला.

पंगत बसली. पावात भरलेला पहिला घास घेताच बंधू गर्जले, "बघ ताई! चरबीशिवाय येते का ही चव?"

बोलोन गेले, आणि मग चावणे थांबले. बाईसाहेबांनी वाटी पुढे सरकविली.

"ही घे तुझी चरबी. सगळीच्या सगळी. चव तिच्यावाचूनच आलीय." आणि मग, "अहो, तुम्हाला ठाऊक होतं?"

रावांनी भरल्या तोंडाने मान ऐसी हलविली की होय म्हणणाऱ्यास होय दिसावे, नाही म्हणणाऱ्यास नाही.

निवाडा जाहला की, ताटात तवंग नाही, सबब तह कायम. महिन्याचा रविवार रावांस बहाल. कुकर बंधूंनी घासावा. येणेप्रमाणे फत्ते जाहली. रावांनी तिसऱ्यांदा वाढून घेतले ते दप्तरी लिहू नये ऐसी त्यांची अर्जी आली, ती नामंजूर करोन येथे लिहिले असे.