रविवारची वस्ती

चिरंजीवांची बदली झाली आणि नव्या शहराबाहेरचे एखादे उपनगर राहण्यासाठी निवडणे कुटुंबाला क्रमप्राप्त झाले. प्रश्न गंभीर होता. नोकरी सोडता येते, लग्नही मोडता येते. पण एकदा लोखंडी कपाट जिन्याने वर चढवले की माणूस कायमचा तिथला होतो. म्हणून सूनबाईंनी जेवणाच्या टेबलावर रीतसर खातेवाटप केले. चिरंजीवांकडे दळणवळण. सूनबाईंकडे शाळा, पाणी, आरोग्य आणि सर्वसाधारण देखरेख. नातीकडे झोपाळे. मागे उरले शेजार खाते. ते कोणालाच नको होते, म्हणून ज्येष्ठतेचा मान राखून ते माझ्याकडे देण्यात आले.

पोहता न येणाऱ्या माणसाला विहिरीची खोली बघायला आत सोडावे, तसा हा प्रकार होता. अनोळखी माणूस समोरून आला की मी दुकानांच्या पाट्या वाचू लागतो. जुन्या गावी मला एकच मित्र होता, वाचनालयातला. वर्तमानपत्राची पाने आम्ही एकमेकांकडे सरकवत असू. पहिले वाक्य बोलायला आम्ही दोघांनी इतकी वर्षे घेतली की मैत्री जमली तेव्हा वाचनालयाची इमारत पाडायला निघाली होती. आता नव्या जागी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची, तर तेवढे आयुष्य शिल्लक नव्हते. मला शाळा नको होती, झोपाळा नको होता. बोलायला एक माणूस हवा होता.

"बाबा, लाजू नका हं," सूनबाई म्हणाल्या. "सरळ विचारायचं, इथले लोक कसे आहेत म्हणून."

"कोणाला विचारायचं?"

"त्या लोकांनाच!"

"ते स्वतःबद्दल वाईट कसं सांगतील?"

"मग तोंडावरून ओळखा. एवढी पुस्तकं वाचलीत ती काय नुसती धूळ झटकायला?"

घरांचा दलाल मधात बुडवून काढल्यासारखा बोलायचा. "या, पण रविवारीच या," त्याने बजावले. "भाजी सकाळी बघावी, वस्ती रविवारी."

आम्ही रविवारी गेलो आणि गेल्या गेल्या विरघळलो. रस्त्यावर नुसती माणसेच माणसे. जोडपी रमतगमत चालली होती. झोपाळ्यांपुढे मुलांची रांग होती आणि त्या रांगेत भांडणही नव्हते. दिसेल तो दिसेल त्याला हसून नमस्कार करत होता. एका बाईंनी तर आपण होऊन सूनबाईंना गाठले.

"इथं पाण्याचं कसं आहे हो?"

"तुम्हाला काय वाटतं?" सूनबाई सावधपणे म्हणाल्या.

"मला वाटतं, भरपूर असणार."

"मलाही तसंच वाटतं!"

दोघी समाधानाने आपापल्या वाटेला लागल्या. पाणी खाते निकाली निघाले.

मी बागेत शिरलो. एका बाकावर करड्या टोपीतले एक वृद्ध गृहस्थ जाडजूड पुस्तक घेऊन बसले होते. मी जवळच्या झाडांवरच्या पाट्या वाचल्या. संपल्यावर पुन्हा वाचल्या. तेव्हा त्या गृहस्थांनी बाकावर ठेवलेली आपली पिशवी हलकेच बाजूला घेतली. आमच्या जातकुळीत याला आग्रहाचे निमंत्रण म्हणतात.

"पुस्तक चांगलं आहे का?" असे कोणीतरी विचारले. तो मीच होतो.

"अजून तळटिपाच वाचतोय," ते म्हणाले. "मी आधी तळटिपा वाचतो."

माझे डोळे पाणावायचेच बाकी राहिले होते. तळटिपा आधी वाचणारा दुसरा माणूस या पृथ्वीवर असेल, ही आशा मी केव्हाच सोडली होती. मग आम्ही ऊन उतरेपर्यंत बोललो. माझ्या तोंडून सलग चार वाक्ये गेली आणि काहीही पडझड झाली नाही.

उठताना त्यांनी विचारले, "शेजारपाजार कसा आहे?"

"उत्तम!" मी त्यांच्याकडे बघून म्हणालो.

"मलाही तसंच वाटलं," ते माझ्याकडे बघून म्हणाले.

माझ्या खात्याचा अहवाल एका शब्दाचा होता: घ्या.

आम्ही घर घेतले, कपाट चढवले आणि सोमवारी सकाळी मी केस नीट विंचरून खाली उतरलो. रस्ता धुऊन वाळत घातल्यासारखा पडला होता. ना माणूस, ना मूल. खिडक्या बंद, पडदे ओढलेले. एक पडदा किंचित हलला, पण मी वर बघताच त्याने हलणे थांबवले. बाकावर कोणी नव्हते. झोपाळे सगळेच्या सगळे नातीचे होते, तिने एकेकावर बसून पाहिले आणि विचारले, "आजोबा, सगळ्यांना एकदमच ताप आला का?"

मंगळवारीही ताप उतरला नाही. बुधवारी वारा फिरला आणि पलीकडच्या साबणाच्या कारखान्याचा असा काही वास घरात शिरला की आंघोळ न करताच अंगाला फेस आल्यासारखे वाटू लागले.

"बाबा, तुमचा तो शेजार कुठं राहिला?" सूनबाईंनी विचारले.

"येईल."

"पार्सलनं येणार आहे का?"

शेवटी मी मनाचा हिय्या करून वसाहतीच्या सचिवांची घंटा वाजवली. साखळी परवानगी देईल तेवढे दार उघडले आणि फटीत एक डोळा आला.

"करड्या टोपीचे गृहस्थ कुठल्या घरात राहतात?" मी विचारले.

"आमच्याकडे टोपी कोणी घालत नाही."

"पण रविवारी मी त्यांच्याशी बोललो! शेकडो माणसं होती इथं!"

"ते इच्छुक," डोळा म्हणाला. "घर बघायला आलेले. तुम्ही आला होतात तसे. रविवारी इथं सगळे इच्छुक असतात. निवासी एकही नसतो."

"असं का?"

"पूर्वी असायचे. इच्छुक त्यांना विचारायचे आणि हे शहाणे खरं सांगायचे. एकानं तर वासाचा विषय काढला. घरं विकली जाईनात. मग सभेत ठराव मंजूर झाला की इच्छुकांच्या वेळेत निवाशांनी वस्तीत दिसू नये."

"बरं, पण मग बाकीच्या दिवशी?"

"बाकीच्या दिवशी कोणासाठी दिसायचं?"

युक्तिवाद बिनतोड होता. तरीही मी चाचरत विचारले, "मग रविवारी हे निवासी जातात कुठं?"

साखळी निघाली. सचिव पहिल्यांदाच सबंध दिसले. त्यांच्या चेहऱ्यावर प्रवासाला निघालेल्या माणसाचा उल्हास होता.

"दुसऱ्या वस्त्या बघायला! इथं कोणाला राहायचंय? दलालानं बसची सोय केलीय. येता का? खिडकीजवळची जागा देतो."

पुढच्या रविवारी आख्खी वसाहत इस्त्रीच्या कपड्यांत बसमध्ये चढली. वाटेत कोणी कोणाशी चकार शब्द बोलले नाही, कारण सगळे शेजारी होते. पण दुसऱ्या उपनगरात पाय टेकताच जादू झाली. माना झुकल्या, हात जोडले गेले, हसू फुटले. आमच्याच मजल्यावरच्या बाई सूनबाईंजवळ आल्या.

"किती मोकळी माणसं आहेत ना इथं?"

"आमच्याकडे असं नाही हो," सूनबाई कळवळून म्हणाल्या.

"आमच्याकडेही नाही!"

दोघी एकाच जिन्याने उतरून, एकाच बाकड्यावर बसून आल्या होत्या. परत जाताना पुन्हा त्याच बाकड्यावर तोंडे फिरवून बसल्या.

मी मात्र टोपीच्या शोधात होतो. ते इच्छुक होते, म्हणजे अजूनही कुठेतरी बघत असणार. रविवारमागून रविवार मी उपनगरे पालथी घातली. चिरंजीवांना वाटले, बाबांना फिरण्याची गोडी लागली. आणि एका रविवारी, एका तळ्याकाठच्या बाकावर, ती टोपी दिसली. टोपीवाल्यांनीही मला पाहिले आणि पिशवी एवढ्या घाईने बाजूला घेतली की ती खाली पडली.

"अहो, कुठं होतात तुम्ही?" ते म्हणाले. "मी त्या वस्तीत तुम्हाला बघूनच घर घेणार होतो. पण मुलीचं मन दुसरीकडे बसलं. आमच्या तिथं बोलायला चिटपाखरू नाही हो!"

"आमच्याकडे चिटपाखरूही पडद्याआड असतं."

त्यांची मुलगी आणि आमच्या सूनबाई तिथेच उभ्या होत्या. दोघींचे पहिल्याच भेटीत एकमत झाले: दोन म्हाताऱ्यांसाठी दर रविवारी गावोगाव भटकण्यापेक्षा त्यांना शेजारी शेजारी ठेवावे. आमच्या लगतचे घर रिकामेच होते. त्यातले निवासी इच्छुक होऊन निघून गेले होते. दलालाला आनंदाचे भरते आले. महिना उलटायच्या आत टोपीवाले सहकुटुंब भिंतीपलीकडे राहायला आले.

त्या रात्री मला सुखाने झोप लागली. सकाळी मी सदरा घालून निघालो आणि दारातच अडखळलो. बाकावर माणूस सहज बसतो. पण शेजाऱ्याच्या दारावर थाप मारायची तर काहीतरी काम लागते. साखर घरात होती. पत्र चुकून आले नव्हते. नुसते बोलायला आलो म्हणावे, तर निवासी नुसते बोलत नाहीत. मी परतलो. पलीकडे त्यांच्या चपला दारापर्यंत येत, थबकत आणि मागे जात. माझ्या चपलाही तेच करत. चपलांच्या बाबतीत आमचे दळणवळण उत्तम होते.

कारण सापडायला दोन दिवस लागले. वाचायला बसताना ते खुर्ची ओढत. मी आनंदाने सचिवांकडे गेलो. सचिव म्हणाले, निवाशाने निवाशाशी थेट बोलायची पद्धत नाही, पण तक्रार पोहोचवता येते. ती पोहोचली. लगेच दुसऱ्या दिवशी उलट टपाल आले: मी पाने फार जोरात उलटतो. मी घाईने कळवले की खोकणाऱ्यांनी तोंडापुढे हात धरावा. त्यांनी कळवले की तळटिपा पुटपुटून वाचू नयेत. सचिव भारावून म्हणाले, "वसाहतीत इतके संबंध कोणाचेच नाहीत!"

रविवार आला. बसमध्ये टोपीवाले माझ्या पुढच्याच बाकड्यावर होते. त्यांनी मागे पाहिले नाही. मीही खिडकीबाहेरच्या पाट्या वाचल्या. नव्या उपनगरात उतरलो, बागेतला बाक गाठला. त्यांनी पिशवी बाजूला घेतली.

"काय म्हणता? बरं आहे ना?" त्यांनी मायेने विचारले.

"बाकी सगळं ठीक. शेजार मात्र मिळाला तो असा! सकाळ झाली की खुर्ची ओढतो."

"अरेरे! आणि आमचा? पान उलटतो की दार आपटतो तेच कळत नाही. वर पुटपुटतो."

"तुम्ही कसे सोसता हो?"

"तुमच्यासारखा एखादा शेजारी असता तर!" ते म्हणाले. त्यांच्या शेजाऱ्याचा मला मनापासून राग आला होता.

तुम्ही म्हणाल, म्हातारबुवा, मधे एक भिंत, दार दोन पावलांवर. जा की उठून! तुमचे अगदी बरोबर आहे. वाचकांचा सल्ला मी नेहमीच मानतो. फक्त तुमच्या शेजारच्या दारावर तुम्ही नुसतीच थाप, आवाज कमी करा हे सांगायला नव्हे, नुसतीच, शेवटची कधी मारलीत तेवढे मला सांगा. छे, आत्ता नको, पलीकडे ऐकू जाईल. मी खाली बाकावर थांबतो. तुम्हीही घर बघायला आल्यासारखे या.