आधी कारण, मग पॅच

आमच्या वाडीत कुणाला घरी खोटं सांगून कुठे जायचं असेल, तर त्याने सायकल घरी ठेवून जावं. कारण सायकल पंक्चर झाली तर भिकूनानांकडे जावं लागतं, आणि भिकूनाना पंक्चर काढायच्या आधी जबानी घेतात.

कुठून आलास, कुठल्या वाटेने आलास, मध्ये थांबलास कुठे, हवा एकदम गेली की हळूहळू. हे सगळं सांगितल्याशिवाय चाकाला हात लागत नाही. सायकल ठेवून जातो, संध्याकाळी नेतो, असं कुणी म्हटलं की नाना विचारतात, "डॉक्टरकडं पोट ठेवून घरी जातंस काय?"

एकदा आमच्या शेजारचे बाळादादा ग्रामसभेला म्हणून गेले आणि पंक्चर होऊन आले. नानांनी त्यांच्या टायरच्या आतून हिरव्या काचेचा एक कण काढला, उन्हात धरून दोन्ही बाजूंनी बघितला आणि दादांची बायको समोर उभी असताना शांतपणे विचारलं, "बाळा, ग्रामसभेत सोडा वाटतात काय रे?" त्यानंतर महिनाभर बाळादादा सगळीकडे चालत जात होते.

नाना मुंबईला सायकलच्या ट्यूब बनवायच्या कारखान्यात आयुष्यभर नोकरीला होते. निवृत्त होऊन गावी आले आणि पडवीत एक पत्र्याची पेटी, पाण्याचं घमेलं आणि पंप घेऊन बसले. दुकान नाही, पाटी नाही. पैसे विचारले तर "कारण सापडला तर बघू" म्हणतात आणि कारण सापडल्यावर त्या आनंदात पैशांचं विसरतात. गंमत म्हणजे नानांना स्वतःला सायकल चालवता येत नाही. कधी शिकले नाहीत. पण लांज्याच्या रस्त्यावर कुठल्या वळणाला जांभ्या दगडाची कच पडलेली असते आणि कुठे करवंदीची जाळी रस्त्यावर येते, हे त्यांना बसल्या जागी माहीत. वाडीतल्या सगळ्यांच्या टायरांनी त्यांना ते सांगितलेलं.

माझा आणि नानांचा संबंध आला तो मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असताना. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी मुद्दाम सांगते, त्यात लाजायचं काही कारण मला वाटत नाही. बाबा चिरेखाणीवर जायचे, आई दुसऱ्यांच्या काजूच्या बागेत. त्या वर्षी आमची सकाळची एसटी बंद झाली. लांजा अकरा किलोमीटर. मुंबईच्या मामेभावाने मोटारसायकल घेतली होती, त्याने आपली जुनी गियरची सायकल ट्रकमधून पाठवून दिली. डोंगरात चालवायची ती, जाड टायरांची, टायरवर मक्याच्या दाण्यांएवढे उंचवटे. वाडीने तिचं नाव म्हैस ठेवलं.

बाबांनी तिच्याकडे बघून अट घातली. सायकलने जमतंय तोवर जा, पण वाटेत अडकून एक जरी पेपर चुकला तर फी परत भरायला माझ्याकडे नाही, मग कॉलेजचा विषय काढायचा नाही. बाबा रागावून बोलले नव्हते. त्यामुळेच मला भीती वाटली.

तेव्हा माझी पदवी होती ती त्या दोन चाकांवर, आणि दोन चाकं नानांच्या हातात.

म्हशीला पहिल्यांदा बघितलं तेव्हा नाना तिच्याभोवती बैल विकत घेणाऱ्यासारखे फिरले. वॉल्व्ह बघून थबकले. नेहमीसारखा जाड वॉल्व्ह नव्हता, पेन्सिलीएवढा बारीक होता, गावातला एकही पंप त्याला लागेना. "ही काय सलायनची नळी लावलीन हाय?" म्हणाले. मामेभावाकडून त्याला बसणारी पितळी टोपी मागवली. ती येईपर्यंत चार दिवस नानांना झोप नव्हती, असं नानीने मला सांगितलं.

पुढच्या पाच महिन्यांत मी इतिहास आणि समाजशास्त्राबरोबर पंक्चरशास्त्रही शिकले. नानांचं सगळं शास्त्र एका वाक्यात आहे. आधी कारण, मग पॅच. ते म्हणतात, "हवा स्वतःहून जात नाय. तिला घालवणारा कोणतरी असतो." टायर चढवताना त्यावरची अक्षरं बरोबर वॉल्व्हसमोर आणायची, म्हणजे ट्यूबला भोक सापडलं की वॉल्व्हपासून वीत मोजून टायरमध्ये त्याच जागी काटा शोधता येतो. ट्यूबला शेजारी शेजारी दोन भोकं, साप चावल्यासारखी, म्हणजे काटा शोधूच नका. हवा कमी होती आणि तुम्ही दगडावर आपटलात. भोक आतल्या अंगाला असेल तर चोर घरातला, म्हणजे चाकाच्या तारेचं टोक, रिंगवरची पट्टी सरकलेली. आणि टायरच्या आतून उघडं बोट कधी फिरवायचं नाही, सुती कापडाचा बोळा फिरवायचा, काटा असला की धागा अडकतो. हा बोळा नानीच्या जुन्या लुगड्याचा. नवीन लुगडं धुतलं की नाना ते चिमटीत धरून बघतात, म्हणून नानी ते त्यांच्यापासून लांब वाळत घालते.

नानांनी मला एक जादा ट्यूबही तयार करून दिली होती, पॅच मारलेली. वाटेत पंक्चर झालं तर तिथे पॅच मारत बसायचं नाही, ट्यूब बदलायची आणि पुढे जायचं. ती आमच्या घरी दाराशेजारच्या खुंटीला असायची, निघताना दप्तरात टाकायची.

आणि नेमकी तीच ट्यूब दगा द्यायला लागली.

पहिल्यांदा झालं ते चाचणी परीक्षेच्या दिवशी. लांज्याच्या वाटेवरच्या घाटीच्या खाली काटा लागला, मी ट्यूब बदलली, अर्धा किलोमीटर गेले आणि चाक बसलं. सायकल ढकलत कॉलेजला पोचले तेव्हा चाचणी संपली होती. बाबांना संध्याकाळपर्यंत खाणीवरच कळलं. जेवताना त्यांनी एवढंच विचारलं, "खऱ्या परीक्षेला किती दिवस हायत?"

नानांनी ट्यूब पाण्यात धरली. पॅचच्या कडेने बुडबुडे. पॅच केळीच्या सालीसारखा निघून हातात आला. नाना त्याच्याकडे बघतच राहिले, कारण त्यांचा पॅच निघाल्याचं वाडीत कुणी ऐकलं नव्हतं. त्यांनी नवीन मारला. पंधरा दिवसांनी तोही निघाला. त्यांनी सोल्युशनची नळी फेकून नवी आणली, कानस फेकली, घमेल्यातलं पाणी विहिरीचं होतं ते नदीचं केलं. ट्यूब नाकाशी धरली तर खोबरेल तेलाचा वास आला. आता नाना डोक्याला रोज पसाभर खोबरेल चोपडणारे. त्यांनी निष्कर्ष काढला की दोष आपल्याच हातांचा, डोक्याचं तेल हाताला आणि हाताचं ट्यूबला.

त्या दिवसापासून नानांनी तेल बंद केलं. आठवड्यात त्यांचे केस चारी दिशांना उभे राहिले. नानी येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवून म्हणायची, "बघा, न सोललेला नारळ पडवीत बसलाय." नाना पॅच मारायच्या आधी तीनदा साबणाने हात धुवायचे आणि ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरसारखे हात वर धरून मला पेटी उघडायला सांगायचे.

तिसरा पॅचही निघाला. परीक्षेला आठ दिवस होते.

त्या दिवशी नानांनी जबानी घेतली नाही. ट्यूब माझ्या हातात परत दिली आणि म्हणाले, "लांज्यात दुकानं हायत, तिकडं दाखव. माझे हात गेले गो."

मी म्हटलं, वाडीतल्या बाकी कुणाचा पॅच निघत नाही, मग हात कसे गेले? ते म्हणाले, बाकीच्यांना परीक्षेला जायचं नाय. आणि उठून आत गेले. माणूस म्हातारा होतो तो वाढदिवसाला होत नाही, अशा एखाद्या दुपारी होतो. मी ते बघितलं आणि मला परीक्षेपेक्षा त्याचंच जास्त लागलं.

कारण सापडलं ते दोन दिवसांनी, आमच्याच घरी. संध्याकाळी मी ओटीवर वाचत बसले होते. आई खोबरेल तेलाची वाटी घेऊन फिरत होती. दर शनिवारी कोयत्याच्या मुठीला, दाराच्या बिजागऱ्यांना, रहाटाला असं तेल लावायची तिची जुनी पद्धत. बिजागऱ्या झाल्या. मग तिने खुंटीवरची ट्यूब काढली, मांडीवर घेतली आणि लहान मुलाला चोळतात तसं तिला तेल चोळायला लागली.

मी ओरडलेच. आई दचकली.

"रबर सुकता गो," ती म्हणाली. "तुला वाटेत दगा देऊ नये म्हणून लावतंय."

तेलाने रबर फुगतं, त्यावर पॅच धरत नाही, हे मी तिला सांगितलं. तिसऱ्या वर्षातली मुलगी मी, थोडं तोऱ्यात सांगितलं. ती ऐकत राहिली. माझी चाचणी का चुकली ते तिच्या लक्षात आलं, मग नानांनी डोक्याचं तेल का सोडलं तेही लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी बागेत जायच्या आधी ती स्वतः नानांच्या पडवीत गेली. मी तिच्या मागे.

"नाना, तुमचे हात चांगले हायत," आई म्हणाली. "तेल मी लावत होतंय."

नानांनी तिला समोर बसवलं. मग त्यांनी जबानी घेतली. किती तेल, कधीपासून, एका अंगाला की दोन्ही. आई खाली बघून उत्तरं देत होती. सगळं ऐकून झाल्यावर नाना आत गेले आणि बाहेर आले ते कपाळावरून तेल ओघळत. चिडले बिडले नाहीत. आईला म्हणाले, "तू तरी कारणानं लावलंस. मी कारण न शोधता बंद केलं." मग ती ट्यूब फेकून दिली आणि नव्या ट्यूबवर एकदम दोन पॅच मारून दाखवले, एकही भोक नसताना.

परीक्षा सुरू झाली. पहिल्या पेपराला निघाले तर घाटीच्या पायथ्याशी ओढ्यावरच्या मोरीच्या कठड्यावर नाना बसलेले. शेजारी पंप, घमेलं, पाण्याचा कॅन. वाडीपासून ते ठिकाण चार किलोमीटर, आणि नाना चालत आलेले. मी विचारलं, काय नाना? म्हणाले, "बसलोय." दुसऱ्या पेपराला पुन्हा तिथेच. तिसऱ्या पेपराला मी उतरले आणि म्हटलं, नाना, पॅच आता पक्के आहेत, तुम्ही कशाला चालत येता?

"पॅच पक्का हाय, मला ठाऊक हाय," ते म्हणाले. आणि मग, माझ्याकडे न बघता, चाकाकडे बघत सांगितलं.

त्यांची मुलगी सुमन लांज्याला कॉलेजला जायची, सायकलनेच. एका पावसाळ्यात ती सायकल पंक्चर झाली आणि पडवीत टेकून राहिली. तेव्हा वाडीत पंक्चर काढणारं कुणी नव्हतं, आणि नानीला वाटलं, नवरा ट्यूबच्या कारखान्यात, तो गणपतीला येईल आणि करील. नाना आले.

"मला पंक्चर काढता येत नव्हता," नाना म्हणाले. "ट्यूब बनवायला येत होती. पंक्चर कधी काढलाच नव्हता गो. तसाच परत गेलो, आणि तिनं कालेज सोडलान."

सुमनताईला पुढे संगमेश्वरकडे दिली. नानांनी पंक्चर काढायला शिकून घेतलं ते निवृत्त झाल्यावर. एवढं सांगून ते म्हणाले, "जा, उशीर होईल." मी गेले.

शेवटच्या पेपराला मोरीवर दोघं होती. नाना, आणि त्यांच्या शेजारी चाळिशीची एक बाई, डब्याची पिशवी मांडीवर घेऊन. नाना म्हणाले, ही सुमन. काल तिला फोन केला की इथली एक मुलगी उद्या शेवटच्या पेपरला जाणार आहे, बघायची असेल तर ये.

सुमनताईने मला पेपर कितीला आहे ते विचारलं. मग विषय कुठला. समाजशास्त्र म्हटल्यावर तिने मान हलवली, जणू तिचाही तोच होता. मी सायकलवर बसले. समोर चढ होता. तिने पिशवी नानांच्या हातात दिली, पदर खोचला, सीटला मागून हात लावला आणि ढकलायला लागली. गियर आहेत, गरज नाही, असं मी म्हणणार होते. म्हटलं नाही. वळणापर्यंत तिच्या चपलांचा आवाज माझ्या मागे येत होता.